ब्रेकने दगा दिला नाही

दगा मिस्तरी गेल्याची बातमी सुरतेतल्या सगळ्या पांडेसऱ्याला फोनवरून कळली, आणि ते फोन करणारा मी होतो. बारडोलीच्या पुढच्या एका दवाखान्याच्या पायरीवर बसून मी एकामागून एक फोन लावत गेलो… आणि फोनागणिक अपघातातली ती उसाची ट्रॉली वाढत गेली. पहिल्या फोनला ती साधी ट्रॉली होती. पाचव्याला तिचा मागचा दिवा गेला. दहाव्याला एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या लागल्या, आणि शेवटच्या फोनापर्यंत कोणीतरी अख्खा साखर कारखाना डोक्यावर घेऊन उलट्या बाजूने माझ्या अंगावर येत होता. मला ओळखणारे म्हणतील, नानाचं हे नेहमीचंच. खरं आहे. पांडेसऱ्याच्या डाईंग मिलमध्ये मी तीस वर्षं कापड रंगवलं आणि मिलच्या बाहेर गोष्टी रंगवल्या. आजची गोष्ट मात्र कोरी सांगायची आहे, रंग न लावता. जरा वेळ द्या, हाताला सवय नाही.

आधी नावाचं सांगतो. दगाच्या आईची त्याच्या आधीची चार लेकरं वर्षाच्या आत गेली. पाचवा झाला तेव्हा आजीने त्याचं नाव दगा ठेवलं. दगा म्हणजे दगड. यम पोर उचलायला आला तर म्हणेल, जाऊ दे, धोंडाच आहे. आमच्या साक्रीकडे अशा नावाची माणसं प्रत्येक गल्लीत सापडतील, कोणाला काही वाटत नाही. पण सुरतेत येऊन त्याने गॅरेज काढलं आणि पाटीवर लिहायला सांगितलं, ‘दगा मोटर गॅरेज, ब्रेकचे काम खात्रीने’. गुजराती पेंटर ब्रश हातात धरून दहा मिनिटं नुसता बघत राहिला. “काका, दगो? बोर्ड पर दगो लखवानो?” दगा, म्हणजे आमचा आप्पा, म्हणाला, “लिही. बाकीचे गाडी नेल्यावर सांगतात, मी आधीच सांगतो.” अर्धे शेठ पाटी वाचून हसायला आत शिरायचे आणि बाहेर पडताना रडवेले असायचे, कारण आत आप्पा असायचा.

त्याच्या हातात काय होतं ते मी रंगवून सांगू शकतो. सचिन गावच्या रेल्वे फाटकापाशी एखाद्या गाडीचं बेअरिंग घुरघुरलं तर तो पांडेसऱ्यात चहा खाली ठेवून म्हणायचा, उजवं पुढचं चाक. ब्रेक असे लावायचा की गाडी थांबायची आणि मागची धूळ पुढे निघून जायची. यातलं निम्मं खोटं आहे. पण माणसांना कसं सोलायचा ते वाढवून सांगायची सोयच नाही, ते आहे तेच पुरे. एकदा एक कापडवाले शेठ गुळगुळीत टायरवर नवसारीला निघाले होते, वाटेत हवा भरायला थांबले. आप्पाने टायरवरून हात फिरवला, मग स्वतःच्या टकलावरून फिरवला. “शेठ, दोघांना एकाच न्हाव्याने हात लावलाय. फरक एवढाच की माझ्या टकलावर चार पोरं बसून नवसारीला जात नाहीत.” दुसऱ्या एकाच्या पायाशी पाण्याची बाटली लोळत होती. आप्पाने ती उचलून मुकाट्याने ब्रेकच्या पायडलखाली सारली आणि म्हणाला, “दाबा.” पायडल दबेना. “आता समोर तुमची आई रस्ता ओलांडतेय असं समजा, आणि परत दाबा.” तो माणूस पुन्हा कधी आला नाही. पण बाटली त्याने दाराच्या खणात ठेवायला सुरुवात केली असणार, पैज लावतो.

सगळ्यात मोठा राग सीटच्या पट्ट्याचा. पट्टा लावला नाही की गाडी टुंग टुंग करते, म्हणून लोक बाजारातून नुसतं पोलादी टोक आणतात आणि खटक्यात खुपसून ठेवतात. गाडी गप्प, माणूस मोकळा. असं टोक लावलेला एक यार्न दलाल आला होता. आप्पाने खिशातून टेप काढली आणि त्याला डोक्यापासून टाचेपर्यंत मापलं, मग खांद्यापाशी आडवं मापलं. दलाल म्हणाला, “आ शुं करो छो?” आप्पा म्हणाला, “माप घेऊन ठेवतो. नंतर विचारायला घरचे शुद्धीवर नसतात.” आम्ही चहा पीत बसलेलो, हसून हसून नाकातून चहा आला. दलालाने टोक काढून फेकलं, पण तो अपमान विसरला नाही. हे लक्षात ठेवा, मला पुढे लागणार आहे.

गॅरेजच्या मागच्या भिंतीवर त्याने खिळे मारले होते, आणि प्रत्येक खिळ्याला ठोकरलेल्या गाडीतून निघालेली एकेक वस्तू. धडकेत सुटून भक्ताच्याच कपाळाला लागलेला डॅशबोर्डवरचा पितळी देव. मोबाईल ठेवायचा मोडका स्टँड. एका लहान पायाचा बूट, त्याच्याकडे मी कधी नीट बघितलं नाही. वस्तूखाली आप्पाच्या अक्षरात चिठ्ठी. नाव नाही, गाडीचा नंबर नाही, फक्त त्या मालकाने सांगितलेली सबब. ‘नाक्यापर्यंतच जायचं होतं.’ ‘फोन घरचाच होता.’ ‘डुलकी होती, झोप नव्हती.’ बुटाखाली ‘पोरगं पुढेच बसायचं म्हणत होतं.’ गाडी दुरुस्तीला टाकणाऱ्याला तो आधी भिंतीपुढे उभं करायचा आणि विचारायचा, “तुमची कोणती लिहून ठेवू?” बायका तोंडाला पदर लावायच्या. एक प्राध्यापक म्हणाले, हे क्रूर आहे हो मिस्तरी. आप्पा म्हणाला, “रस्त्यापेक्षा कमी.”

पुढच्या गाडीपासून अंतर किती ठेवायचं याचंही त्याचं स्वतःचं माप होतं. पुढचा ट्रक एखाद्या खांबाला मागे टाकून गेला की म्हणायला सुरुवात करायची, “दगा सुका पाटील, राहणार साक्री.” सावकाश. पुरं नाव, बापासकट, गावासकट. नाव संपायच्या आत तुम्ही त्या खांबाशी पोचलात तर फार जवळ आहात, मागे सरका. पांडेसऱ्यातले कितीतरी टेम्पोवाले आजही त्याचं नाव घेत हायवेवर जातात. देवाचं इतक्यांदा घेत नसतील.

आणि शेवटची सवय, तिला आम्ही हुंकार म्हणायचो. आमच्याकडे गोष्ट सांगणाऱ्याला समोरून कोणीतरी ‘हं’ म्हणत राहावं लागतं, नाहीतर सांगणारा थांबतो. माझ्या तीस वर्षांच्या थापांना हुंकार देणारा आप्पाच होता. मी म्हणायचो, तापीच्या पुरात म्हैस तिसऱ्या मजल्यावर चढली. तो म्हणायचा, “हं.” मी म्हणायचो, आणि जिना उतरताना लाजली. “हं.” तर कोणतीही गाडी गॅरेजमधून सोडण्याआधी तो चारही सीटचे पट्टे खटक्यात घालायचा, हिसका द्यायचा आणि कान लावून ‘कट्’ आवाज ऐकायचा. म्हणायचा, “पट्ट्याने हुंकार दिला पाहिजे. न देणाऱ्यापुढे गोष्ट सांगू नये आणि गाडी चालवू नये.”

आता माझी गाडी. सेकंडहँड, पांढरी, आणि यंत्राच्या बाबतीत आप्पाच्या हाताखालून गेलेली. या हिवाळ्यात पुतण्याचं लग्न निघालं नंदुरबारला. बायका दोन दिवस आधीच रेल्वेने गेल्या. मागे उरलो मी, आप्पा आणि माझा नवा जावई. जावई पहिल्यांदाच माझ्या गाडीत बसणार, म्हणून आठ दिवस आधी आप्पाकडून ब्रेक करून घेतले आणि त्याला न सांगता उधन्याला जाऊन मखमली सीट कव्हरं चढवली. मरून रंगाची, सोनेरी काठाची, नवरीच्या शालूला लाजवतील अशी. कव्हरवाल्याने विचारलं, “पाछळना बेल्टना खटका बहार राखवा छे के अंदर?” मी म्हणालो, “अंदर. देखाव सारो लागे.” मागच्या पट्ट्यांचे खटके कव्हरच्या आत, दिसायला बरं म्हणून. झालं, एवढंच. हे वाक्य मी कोणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही.

निघायच्या सकाळी आप्पा नेहमीप्रमाणे पुढच्या डाव्या दाराशी आला. त्याची जागा तीच, तिथे बसून तो माझ्या गिअरला शिव्या द्यायचा. जावई इस्त्रीच्या कपड्यात बाजूला उभा. गल्लीतली चार माणसं बघत होती, आणि चार माणसं बघत असली की माझी जीभ सैल सुटते. मी ओरडलो, “आप्पा, मागे! मानाची जागा जावयाची. तू काय आमच्या पोरीला मागणी घातली होतीस का?” गल्ली हसली, आप्पाही हसला. मागे जाऊन बसला आणि सीटच्या फटीत हात घालून चाचपायला लागला.

“नाना, खटका कोठे शे रे?”

“आत आहे, कव्हरखाली. नवी कव्हरं आहेत, ओढू नको.”

“मंग पट्टा कशामा घालू?”

“एक दिवस राहू दे ना आप्पा! नंदुरबारला पोचलो की काढू.”

त्याने खिशातून पातं काढलं. वायरी सोलायचं त्याचं छोटं पातं, लाकडी मुठीचं. आरशात मला ते दिसलं. मी मागे वळून, जावयाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणालो, “हात जोडतो. जावयासमोर अब्रू काढू नको.”

ज्या माणसाने शेठांना सोडलं नाही, प्राध्यापकांना सोडलं नाही, जिवंत माणसाचं मढ्यासारखं माप घेतलं, त्याने माझ्याकडे बघितलं… आणि पातं मिटून खिशात ठेवलं. आयुष्यात एकदाच त्याने कोणाची तरी भीड धरली. भीड भिकेची बहीण म्हणतात, पण भिकेवर भागलं तर नशीब समजा. मी आणि जावयाने पुढे पट्टे लावले. कट्, कट्. मागून काही आलं नाही.

दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो, असं आई सांगायची. सकाळचे दहा वाजले होते, उन्हं स्वच्छ होती, आणि मी गोष्ट सांगत होतो. जावयाला आप्पाचीच गोष्ट सांगत होतो, की याने एकदा कडोदऱ्याच्या उतारावर ब्रेक फेल झालेली बस नुसती हँडब्रेकच्या दोरीने कशी थांबवली. आप्पा मागच्या सीटच्या मधोमध, आमच्या दोघांच्या खांद्यांमध्ये डोकं घालून बसला होता. एक कान इंजिनाला, एक कान मला. मी म्हणायचो, बसमध्ये साठ माणसं. “हं.” आणि वर टपावर वऱ्हाडाची घोडी. “हं.” जावई हसला का ते बघायला मी मान वळवली. हसला होता. घोडी टपावरून काय म्हणाली ते सांगायला मी तोंड उघडलं, आणि कानाशी हुंकाराच्या जागी शब्द आला, “नाना, पुढे—”

ट्रॉली एकच होती. साधी, उसाने भरलेली, आपल्या बाजूने, आपल्या वेगाने चाललेली. मागे लाल कापड बांधलेलं होतं. तिच्या आणि माझ्यामध्ये आप्पाचं पुरं नाव मावलं नसतं. ‘दगा’ एवढंच मावलं असतं.

मी ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी खिळा ठोकल्यासारखी थांबली. नुसतं बंपर टेकलं, एक दिवा फुटला. जावयाची मान अवघडली. ब्रेकने दगा दिला नाही, पुढच्या पट्ट्यांनी दिला नाही, टायरने दिला नाही. त्या गाडीत ज्या ज्या वस्तूला आप्पाचा हात लागला होता ती चोख वागली. गाडी थांबली, फक्त आप्पाला थांबवायला काही नव्हतं. तो आमच्या दोघांच्या मधून पुढे गेला. आणि कोरी गोष्ट सांगायचीच तर हेही ऐका. मी खाली उतरलो आणि पहिली नजर बंपरवर टाकली.

दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं. लग्न दुसऱ्या दिवशी लागलं, मुहूर्त थांबत नाहीत. मी परत फिरलो होतो, जावई पुढे लग्नाला गेला. मानेला पांढरा पट्टा बांधून मांडवात बसला आणि मरणाच्या दारातून आलेला म्हणून त्याला दोनदा टोपी-उपरणं मिळालं.

दहाव्याला गॅरेजपुढे गर्दी होती. माणसं काय बोलत होती? दवाखान्यातून एवढंच कळलं होतं की मागे बसलेल्याने पट्टा लावला नव्हता. बास, तेवढं पुरलं. “दुनियेला पट्टे बांधले आणि स्वतः मोकळाच गेला.” “पाटीवर लिहिलंच होतं की, दगा.” तो यार्न दलालही आला होता, पांढऱ्या कपड्यात, हात जोडून. माझ्याजवळ सरकला आणि हळूच म्हणाला, “नाना, मारुं माप लीधुं हतुं. छेल्ले एनुं ज काम लाग्युं.” माझं माप घेतलं आणि शेवटी त्याचंच लागलं. असं म्हणून तो हसू दाबत माझ्याकडे बघत राहिला, उत्तराची वाट बघत.

मी म्हणालो, “हं.”

तीस वर्षं ज्याने मला हुंकार दिला त्याच्याच गॅरेजपुढे उभं राहून मी त्या दलालाला हुंकार दिला. मग महिनाभर ट्रॉलीची गोष्ट सांगत फिरलो. सुमनवहिनी, आप्पाची बायको, रोज कोणालातरी एकच विचारायची. मलाही विचारलं. “नाना, त्यांनी पट्टा कसाले नही बांधा?” मी म्हणालो, “विसरला असेल, वहिनी.” ती म्हणाली, “उभ्या गाडीत बसले तरी बांधेत.” मी चहा संपवला आणि उठलो.

महिन्याच्या विधीनंतर दोन दिवसांनी गॅरेजवरून जात होतो, शटर अर्धं उघडं दिसलं. वहिनी स्टुलावर उभी राहून भिंतीवरच्या वस्तू उतरवत होती. देव उतरला होता, स्टँड उतरला होता, अर्धी भिंत नुसते खिळे. चिठ्ठ्या एका पत्र्याच्या डब्यात. मी म्हणालो, “वहिनी, हे काय?” ती वळली नाही. “आते कोणले शिकाडू? शेजारनी पोरं शटरवर खडूनं लिखी ग्यात, ‘स्वतःची चिठ्ठी लाव’.” आणि तिने तो लहान बूट खिळ्यावरून काढायला हात वर केला.

मी सांगितलं, उभ्याउभ्या सगळं सांगितलं. उधना, सोनेरी काठ, अंदर, देखाव, मानाची जागा, पातं. सांगता सांगता मध्येच कव्हरवाल्याचं दुकान तीन मजली करायला निघालो होतो, तेवढ्यात ती म्हणाली, “नाना.” मी ते मजले परत उतरवले. ती स्टुलावरून उतरली. मला वाटलं आता मारेल, आणि मारलं असतं तर बरं झालं असतं. तिने आप्पाच्या खणातून पातं काढलं, दवाखान्याने खिशातल्या वस्तूंबरोबर दिलेलं तेच, आणि माझ्या हातात दिलं. म्हणाली, “गाडी आण.”

गाडी गॅरेजमध्ये घेतली. ती शेजारी उभी राहिली आणि मी मागची मखमल फाडली. चर्र आवाज झाला. आत दोन खटके शेजारी शेजारी पडलेले, स्वच्छ, त्यांचं काहीच बिघडलं नव्हतं. माझ्या बोटापासून दोन इंच खोल होते, आप्पाच्या बोटांपासूनही तेवढेच असतील. अख्खं कव्हर सोलून काढलं. वहिनीने ते दुमडून भिंतीच्या मधल्या खिळ्याला अडकवलं, सोनेरी काठ बाहेर ठेवून. मग डब्यातून कोरी चिठ्ठी आणि पेन्सिल काढली.

“लिख.”

“काय लिहू, वहिनी?”

“त्यांनी लिखं असतं तेच. तुनी गोष्ट नको, सबब लिख. तीन शब्दमा.”

मी भिंतीला कागद टेकवून लिहिलं, ‘जावई पुढे होता.’ तिने वाचलं, टाचणी लावली. मग डब्यातून एकेक वस्तू काढून मला देत गेली आणि मी खिळ्यांवर परत लावत गेलो. बूट शेवटी. त्याच्याकडे या वेळी बघावं लागलं.

घरी सोडायला निघालो तर पुढचं दार मी उघडून धरलं. ती मागे गेली आणि फाटक्या फोमवर बसली. पट्टा ओढला, खटक्यात घातला, हिसका दिला. कट्. कान लावून ऐकल्यासारखी जरा थांबली आणि म्हणाली, “हं. चाल.”

उधना मगदल्ला रोडवर पुढे साड्यांच्या गठ्ठ्यांनी भरलेला एक टेम्पो आला. तो एका खांबाला मागे टाकून गेला, आणि मी पुटपुटायला लागलो. दगा सुका पाटील, राहणार साक्री. नाव संपलं आणि मगच आम्ही खांबाशी पोचलो. मला बरं वाटलं. तेवढ्यात मागून आवाज आला.

“घाईमा म्हणस तू. परत म्हण.”